बाथरूमचा बिशप

बाथरूमची फरशी बदलायचं ठरलं आणि घरात कामाची वाटणी झाली. मिस्त्री फरशी लावणार, त्याचा पोरगा मसाला कालवणार, बायको चहा देणार. "आणि तुम्ही नुसतं लक्ष ठेवा," ती मला म्हणाली, "हात कशाला लावू नका."

बाथरूमच्या दारासमोर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसलो. तिचा एक पाय आखूड, म्हणून खाली पेपरची घडी. मिस्त्री म्हणाला, "बाबूजी, आप तो आराम से बैठो, टेंशन मत लो." इंदुरात मिस्त्रीनं असं म्हटलं की टेंशन घ्यायची वेळ झाली असं समजावं. पण नुकतेच पोहे-जिलबी झालेले, वर जिरावन मसाला जरा जास्तच भुरभुरलेला. टेंशन यायला पोटात जागाच नव्हती.

तेवढ्यात सुट्टीला आलेली नात मोबाइलवर बुद्धिबळ खेळत आली. "आजोबा, माझा बिशप अडकलाय."

"उंट म्हण."

"बिशप म्हणजे उंट?"

"छे! बिशप म्हणजे ख्रिस्ती लोकांचा मोठा धर्मगुरू."

"मग तो उंट कसा झाला?"

एवढीशी पोर आणि असला प्रश्न! चष्मा पुसला, शब्दकोश उघडला आणि बघतो तर काय, मूळ ग्रीक शब्द 'एपिस्कोपोस'. 'एपि' म्हणजे वर, 'स्कोपोस' म्हणजे पाहणारा. टेलिस्कोप, मायक्रोस्कोपमधला 'स्कोप' याच घराण्यातला. एपिस्कोपोस म्हणजे वरून लक्ष ठेवणारा, मुकादम म्हणा ना! लॅटिनमध्ये त्याचा 'एपिस्कोपुस' झाला, पुढे डोकं झिजलं, शेपूट गळलं आणि इंग्रजांच्या हाती 'बिशप' उरला. आपल्याकडे उपाध्यायाचा पाध्ये झाला, तसंच.

त्याहून गंमत म्हणजे मराठी बायबलनं या शब्दाला 'अध्यक्ष' म्हटलंय. अधि म्हणजे वर, अक्ष म्हणजे डोळा. ग्रीक शब्दाची जशीच्या तशी जुळी बहीण! कौटिल्याचे अध्यक्ष खरोखर डोळे लावूनच बसायचे. दारूवर सुराध्यक्ष, गाईंवर गोऽध्यक्ष, शेतीवर सीताध्यक्ष. फरशीवर कोणी होता का, ते पाहायचं राहिलं.

मी खुर्चीत जरा ताठ बसलो. कारण खुर्चीचंही आहेच. बिशपच्या आसनाला 'कॅथेड्रा' म्हणतात आणि ते जिथे असतं ते कॅथेड्रल. इंदूर 1952 पासून कॅथलिक धर्मप्रांताचं ठाणं आहे, म्हणजे तशी एक खुर्ची गावात आधीपासून आहे. माझी दुसरी.

"अगं ऐकलंस का, मी बिशप आहे!" मी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो. बायबलात तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात बिशपसाठीच्या अटी दिल्यात, त्याही वाचून दाखवल्या. एकाच बायकोचा नवरा, नेमस्त, मद्यपी नसलेला, स्वतःचं घर नीट चालवणारा.

"पहिल्या तीन ठीक आहेत," आतून उत्तर आलं.

नात मात्र उंट सोडेना. मग तिला सांगितलं की आपल्या चतुरंगात, म्हणजे जुन्या बुद्धिबळात, त्या जागी हत्ती होता. तो इराणमार्गे अरबांकडे गेला. त्यांनी हत्तीचं चित्र न काढता वर दोन टोकं असलेला नुसता ठोकळा केला. टोकं म्हणजे सुळे. युरोपात कुणाला त्यात बिशपची टोपी दिसली, कुणाला विदूषकाची. स्कॉटलंडच्या लुइस बेटावर 1831 मध्ये बाराव्या शतकातली मोहरी सापडली, त्यांतले बिशप टोपी घालून, हातात दंड धरून चांगले गंभीर दिसतात. फ्रेंच त्याच मोहऱ्याला विदूषक म्हणतात, जर्मन धावणारा म्हणतात, रशियनांनी मात्र हत्तीच ठेवला. आपला हत्ती तिकडे जाऊन धर्मगुरू झाला, आणि इकडे आपण त्याला कोपऱ्यात सरकवून त्याच्या जागी उंट बांधला.

"म्हणजे तुम्हाला बिशपही म्हणता येईल आणि विदूषकही?" नातीनं विचारलं.

"फ्रेंचांचं बरोबर वाटतं," आतून आवाज.

एवढ्यात मिस्त्री हात झटकत उठला. "हो गया, बाबूजी." फरशी काचेसारखी चमकत होती. बायको आली, तिनं मुकाट्यानं बादलीभर पाणी ओतलं. पाणी क्षणभर थबकलं. मग जाळीकडे पाठ फिरवून, पलीकडच्या कोपऱ्यातून निघून, अगदी उंटाच्या चालीनं, तिरकं तिरकं उंबऱ्यावरून बाहेर आलं आणि माझ्या खुर्चीखाली जमा झालं. पेपरची घडी भिजली. खुर्ची कलली.

बायकोनं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं.

"बाबूजी," तो म्हणाला, "आप तो सुबह से देख रहे थे ना?"