पट्टीची चूक की माउसची? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. खोक्यावर ८०० डीपीआय (माउस एक इंच सरकला की तो हालचालीच्या किती नोंदी, म्हणजे ‘काउंट’, पाठवतो तो आकडा) छापलेल्या माउसला मी शाळेतल्या पट्टीने मोजून ७६२ ठरवले, यात दोष माउसचा नसून माझ्या हाताचा आहे, असे आपले म्हणणे. शिवाय सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउसच्या हालचालीने गेममधली नजर किती वळावी ही सेटिंग, हाताला रुचेल तशी ठेवावी, तिला मोजमाप कशाला, असाही आपला प्रश्न आहे.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. एका काउंटला कर्सर एक पिक्सेल सरकतो असे धरले, तर १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा ८०० डीपीआयच्या माउसने पार करायला सुमारे ६१ मिलिमीटर लागायला हवेत. मला ६४ लागले. इतक्या कमी अंतरात एक मिलिमीटर चुकला तरी उत्तर दीड टक्क्याहून अधिक हलते, आणि पट्टीवर डोळा तिरका असला की तेवढे सहज चुकते. हे मी लेखात लिहायला हवे होते.

म्हणून रविवारी लांब अंतरावर मोजले. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेममध्ये सेन्सिटिव्हिटी १ असताना माउसच्या प्रत्येक काउंटला नजर ०.०२२ अंश वळते. ती २ ठेवली की ३६० अंशांच्या पूर्ण फेरीला सुमारे ८,१८२ काउंट लागतात, म्हणजे खऱ्या ८०० डीपीआयला २६ सेंटिमीटर. भिंतीवरच्या एका खुणेवर नेम धरून, माउस तिरका जाऊ नये म्हणून लाकडी फूटपट्टीच्या कडेने सरकवत, पाच वेळा फेरी मारली. पाचही वेळा अंतर २७.१ ते २७.३ सेंटिमीटरच्या दरम्यान आले. त्यावरून डीपीआय ७६१ ते ७६७ निघतो. माझा ७६२ त्यात काठावर का होईना बसतो, पण ८०० बसत नाही.

पडद्यावर मोजायचेच असेल, तर विंडोजमधला ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ हा पर्याय आधी बंद करावा आणि वेगाची पट्टी अकरापैकी सहाव्या खुणेवर ठेवावी. तो पर्याय चालू असेल, तर माउस हळू नेऊन झटक्यात त्याच जागी परत आणला तरी कर्सर मूळ ठिकाणी येत नाही. मग मोजमापाला अर्थच उरत नाही.

आता रुचीचा मुद्दा. रुचेल तेच ठेवावे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण रुचलेले परत कसे मिळवणार? माझ्या या माउसचे बटण गेल्यावर लॅमिंग्टन रोडवरून दुसरा आणला. त्यावरही ८०० च छापलेले. सेटिंग जशीच्या तशी ठेवूनही नेम आठवडाभर पुढे जात राहिला. मोजला तेव्हा तो ८३० निघाला. सेन्सिटिव्हिटी २ ऐवजी १.८४ केली आणि हात पुन्हा जागेवर आला. हाताची सवय सेंटिमीटरला असते, खोक्यावरच्या आकड्याला नव्हे. डीपीआय जितका मोठा तितका नेम अचूक, हे आपले विधानही त्यामुळेच मला पटत नाही. १६०० वर १ आणि ८०० वर २ ठेवले तर फेरी सारखीच होते.

निवड करताना मात्र मी रुचीआधी जागा पाहतो. गिरगावातल्या आमच्या खोलीत टेबलाच्या एका अंगाला खिडकी आणि दुसऱ्या अंगाला आईचे शिवणयंत्र असल्यामुळे माउसच्या वाट्याला जेमतेम तीस सेंटिमीटर येतात. ५२ सेंटिमीटरची संथ फेरी कितीही मोहक वाटली, तरी तिच्यासाठी शिवणयंत्र गॅलरीत न्यावे लागेल, आणि तो विषय मी घरात काढणार नाही.

मूळ लेखात ७६२ च्या जागी ‘७६१ ते ७६७’ अशी दुरुस्ती आजच केली आहे. आपलाही माउस पूर्ण फेरीने मोजून पाहा आणि आकडा जरूर कळवा.