‘कट मारणाऱ्याला धडा शिकवा’ हा सल्ला बाइकस्वाराच्याच जिवावर बेततो

बाइक चालवणाऱ्यांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडे बदलतात, आशय तोच राहतो. गाडीवाले बाइकवाल्यांना मोजत नाहीत, मुद्दाम अंगावर गाडी घालतात, म्हणून त्यांना नडल्याशिवाय रस्त्यावर निभाव लागत नाही. मग सूचना येतात: मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावा. मागे चिकटणाऱ्यापुढे कचकन ब्रेक दाबा. कट मारणाऱ्याला गाठून धडा शिकवा. हक्क आपला असेल तिथे इंचभरही हटू नका. अडकलात तर थ्रॉटल पिळा आणि निसटा. कडेला दबून चालवू नका.

यामागचा राग मला समजतो. टनभर वजनाची गाडी हँडलपासून वीतभर अंतरावरून सूं करून गेली की पोटात गोळा येतो आणि पाठोपाठ डोकं भडकतं. पण नवीन शिकलेली मुलं हा मजकूर अनुभवी माणसाचा सल्ला समजून मनावर घेतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहणं गरजेचं वाटतं.

‘ते मुद्दाम करतात’ या गृहीतकावर बाकी सगळं उभं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. मुद्दाम करणारे असतात, यात शंका नाही. पण दुचाकींच्या अपघातांची खोलात जाऊन तपासणी झाली तेव्हा चित्र वेगळं दिसलं. हॅरी हर्ट यांच्या पथकाने अमेरिकेत लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे ९०० अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला आणि १९८१ साली अहवाल दिला. दुसरं वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी जवळपास दोन तृतीयांश अपघातांत चूक त्या दुसऱ्या चालकाचीच होती. जाण्याचा हक्क बाइकचा असताना तो आडवा आला होता. मजकूर लिहिणारा म्हणेल, बघा, मी काय सांगत होतो! पण त्याच अहवालात पुढे स्पष्ट नोंद आहे की चालकाने दुचाकीवर जाणूनबुजून गाडी घातल्यामुळे झालेले अपघात विरळ होते. बाइक त्याला दिसलीच नव्हती किंवा फार उशिरा दिसली, हे मुख्य कारण होतं. पुढे युरोपातल्या पाच देशांत ९२१ अपघातांचा असाच सखोल अभ्यास झाला. त्यातही साधारण निम्म्या अपघातांचं मूळ दुसऱ्या चालकाच्या चुकीत निघालं आणि त्या चुकांपैकी ७० टक्क्यांहून अधिक चुका दुचाकी नजरेने न टिपल्याच्या होत्या.

दिवसाढवळ्या समोरून येणारी बाइक दिसत नाही म्हणजे काय, असा प्रश्न पडतो. कारणं डोळ्यांत आहेत आणि गाडीच्या बांधणीतही आहेत. आपण झटकन मान वळवून डावीउजवीकडे पाहतो तेव्हा नजर सलग सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उड्या मारते. उडीच्या त्या क्षणी मेंदू दृश्य जवळजवळ बंद ठेवतो. दोन टप्प्यांच्या मधल्या जागेत ट्रक मावत नाही, बाइक मावते. गाडीच्या पुढच्या काचेच्या कडेचा खांब वीस मीटरवरची बाइक स्वारासकट झाकू शकतो. शिवाय लहान वस्तू आहे त्यापेक्षा लांब आणि हळू वाटते. शंभर मीटरवरून ताशी ६० किलोमीटरने येणारी बाइक पहिल्या तीन सेकंदांत पन्नास मीटरवर येते आणि दिसायला फक्त दुप्पट होते. पुढच्या दीड सेकंदात पुन्हा दुप्पट, त्यापुढच्या पाऊण सेकंदात आणखी दुप्पट. म्हणजे सुरुवातीला ती वाढताना जाणवतच नाही आणि जाणवते तेव्हा अंगाशी आलेली असते. ‘अजून वेळ आहे’ असं वाटून चालक वळतो. त्याचा निष्काळजीपणा मला माफ करायचा नाही. नीट पाहणं ही त्याची जबाबदारीच आहे. पण ज्याने आपल्याला पाहिलेलंच नाही त्याला खुन्नस देऊन काय साधणार?

आता सायलेन्सर. ‘दिसलो नाही तरी ऐकू येईन’ असा यामागचा विचार आहे. एक्झॉस्टचं तोंड मागे असतं, त्यामुळे आवाजाचा सगळ्यात जास्त त्रास मागून येणाऱ्यांना होतो, आणि हर्ट यांच्या अभ्यासात तीन चतुर्थांशांहून अधिक धोके समोरच्या बाजूने आलेले होते. बंद काचा आणि चालू गाणी यांच्या आत बसलेल्या माणसाला आवाज आला तरी तो नेमका कुठून येतोय हे कळत नाही. दिसण्याचा उपाय दिसण्यातच आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड भागात झालेला आणि २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की चमकत्या किंवा परावर्तक रंगाचे कपडे घालणाऱ्यांना अपघातात जखमी होण्याचा धोका ३७ टक्के कमी होता, काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढऱ्या हेल्मेटचा धोका २४ टक्के कमी होता आणि दिवसाही हेडलाइट चालू ठेवणाऱ्यांचा २७ टक्के कमी होता. सायलेन्सरवर घालायचे पैसे एका भडक जॅकेटवर घाला.

‘हक्क माझा असेल तर मी का हटू’ हा मुद्दा मला या सगळ्यात सर्वांत घातक वाटतो, कारण ऐकायला तो न्याय्य आहे. हक्क तुमचाच, कबूल. पण तो समोरच्याने द्यायचा असतो, आणि त्याने तो दिलाय की नाही हे वेळेत ओळखणं तुमच्या हातात आहे.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. तुम्ही मुख्य रस्त्याने सरळ निघाला आहात आणि बाजूच्या गल्लीतून एका गाडीचं नाक बाहेर आलंय. बहुतेक जण चालकाच्या चेहऱ्याकडे पाहतात आणि नजरानजर झाली की निर्धास्त होतात. त्या नजरेवर भरवसा ठेवू नका. त्याचे डोळे तुमच्या दिशेला असतील, लक्ष तुमच्यामागून येणाऱ्या ट्रकवर असू शकतं. त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. फिरणाऱ्या चाकाची वरची कड गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे सरकते, त्यामुळे गाडी हलली हे बॉनेटच्या आधी तिथे कळतं. तोवर थ्रॉटल सोडलेला असावा, बोटं ब्रेकवर असावीत, आणि लेनमध्ये तुम्ही त्या गाडीपासून लांबच्या बाजूला सरकलेले असावेत. आरशात मागचं पाहून असं आडवं सरकण्याचा आणखी एक फायदा आहे. सरळ रेषेत अंगावर येणारी बाइक मागच्या दृश्यात मिसळून जाते, तर आडवी हालचाल डोळ्यांना लगेच खटकते. आणि निसटायला मोकळी जागा कुठे आहे, हे चौकात शिरण्याआधीच हेरून ठेवा. एवढं करून तो थांबला तर तुमचं नुकसान काय झालं? दोन सेकंद गेले. तो आडवा आलाच, तर त्याच दोन सेकंदांत तुम्ही थांबू शकता.

मागे चिकटणाऱ्यापुढे ब्रेक दाबण्याचा सल्ला हिशेबावरच टिकत नाही. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. मागची गाडी आठ मीटरवर असेल तर तिच्या चालकाकडे अर्धा सेकंद आहे, आणि धोका ओळखून पाय ब्रेकवर नेण्यात सहज एक सेकंद किंवा जास्त जातो. त्याला धडा शिकवण्यासाठी तुम्ही स्वतःला त्याच्या बंपरखाली नेऊन ठेवता. उलट करा: तुमच्या पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवा. मागच्याला अंतर ठेवता येत नसेल, तर तुम्हाला कधीच जोरात ब्रेक दाबावा लागणार नाही एवढी जागा पुढे तयार करा. वेग कमी करताना ब्रेकचा दिवा आधी एकदोनदा हलकेच लुकलुकवा. आणि जागा मिळताच त्याला पुढे जाऊ द्या. साइड दिल्याने मान जात नाही. असला माणूस मागे असण्यापेक्षा पुढे असलेला परवडतो, कारण पुढे तो दिसतो.

पाठलाग करण्याबद्दल. कट मारून गेलेला माणूस दोन प्रकारचा असतो. एकाला आपण काही केलंय हेच माहीत नसतं. भरधाव बाइक अचानक खिडकीशी येऊन कुणी काच बडवायला लागलं की तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस स्टिअरिंग कुठेही फिरवतो. दुसरा खरंच माजलेला असतो. त्याला भांडण हवंच असतं, आणि त्याच्या हातात दीड टन लोखंड असतं. तुमची बाइक तुमच्यासह अडीचशे किलोच्या आसपास. आरशावर लाथ घालायला गेलात तर एक पाय हवेत, तोल गेलेला, आणि ज्याला तुम्ही नुकतंच चिडवलं तो हातभर अंतरावर. या दोघांपैकी कुणीही यातून काही शिकत नाही. तिसरी गोष्ट लोक विसरतात: रागात नजर त्या एकाच गाडीवर खिळते. अशा वेळी रस्ता ओलांडणारं मूल, मधला खड्डा, दुसऱ्याच बाजूने येणारा टेम्पो, यातलं काही दिसत नाही. ज्या चुकीसाठी त्याला धडा शिकवायला निघालात, तीच आता तुम्ही करत असता.

माजलेला माणूस भेटलाच तर वेग कमी करा आणि त्याला निघून जाऊ द्या. हातवारे नकोत, नजर रोखून पाहणं नको. हेल्मेटवर कॅमेरा असेल तर उत्तम; नसेल तर बाजूला सुरक्षित थांबून नंबर, वेळ आणि जागा लगेच लिहून ठेवा आणि तक्रार करा. तो मागे लागला तर घराकडे वळू नका, त्याला तुमचा पत्ता दाखवण्याचं कारण नाही. निर्जन जागी थांबू नका. माणसांची वर्दळ असेल तिथे, पेट्रोल पंपावर किंवा पोलीस चौकीसमोर जा, आणि हेल्मेट डोक्यावरच राहू द्या.

‘थ्रॉटल पिळा आणि निसटा’ हा सल्ला बाइकच्या चपळाईवर विसंबून दिला जातो. चपळाई खरी आहे, पण वेळ नसतो. हर्ट यांच्या अहवालानुसार धोका निर्माण झाल्यापासून धडक बसेपर्यंत बाइकस्वाराच्या हाती साधारण दोन सेकंदही नव्हते. त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक इतका दाबला की चाक घसरलं, आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याची खरी ताकद तिथेच असते. फक्त तो झटक्यात न ओढता दाब वाढवत नेत आवळायचा असतो. हे हाताला आयत्या वेळी सुचत नाही. मोकळ्या जागेत, आधी कमी वेगात, पुन्हा पुन्हा करून ते अंगवळणी पाडावं लागतं. कोरड्या चांगल्या रस्त्यावर, दीड सेकंद प्रतिक्रियेत गेला असं धरलं तर, ताशी ६० च्या वेगात थांबायला सुमारे ४५ मीटर लागतात. ८० च्या वेगात सुमारे ७०. थ्रॉटल पिळला की हे अंतर वाढतं आणि समोरच्याला तुम्हाला पाहण्यासाठी मिळणारा वेळ घटतो. वेग वाढवून सुटण्याचे प्रसंग येतात, मागून कुणी धडकणार हे आरशात दिसलं तेव्हा, पण ते अपवाद आहेत.

मजकुरातला शेवटचा मुद्दा मात्र बरोबर आहे: कडेला दबून चालवू नका. रस्त्याच्या अगदी कडेने जाणारा बाइकस्वार मागच्याला ‘इथून दाबून पुढे जा’ असं आमंत्रणच देतो. शिवाय कडेला खडी असते, गाड्यांची दारं अचानक उघडतात आणि चुकवायला दुसऱ्या बाजूला जागा उरलेली नसते. लेनमधली आपली जागा ठामपणे घ्या, वळण्याआधी इंडिकेटर लवकर द्या, एका लयीत चालवा. याला दादागिरी म्हणत नाहीत. तुम्ही पुढे काय करणार आहात हे आजूबाजूच्या प्रत्येकाला कळतं, आणि वाहतुकीत निम्मी सुरक्षितता तिथूनच येते.

चालकांना शिकवायचंच असेल तर त्याचीही जागा आहे. युरोपातल्या त्याच अभ्यासात असंही आढळलं की ज्या गाडीचालकांकडे दुचाकीचाही परवाना होता, त्यांच्याकडून दुचाकी न दिसण्याची चूक कमी झाली. ज्याला बाइक ठाऊक आहे, त्याची नजर बाइक शोधते. तुमच्या घरात, मित्रांत, कामावर गाडी चालवणारे कितीतरी जण असतील जे कधी बाइकवर बसलेले नाहीत. त्यांना सांगा की वळण्याआधी एकदा नव्हे, दोनदा बघा, आणि दुसऱ्यांदा बघताना मान पुढे घेऊन खांबाच्या आडची जागाही बघा. दार उघडण्याआधी आरसा बघा, आणि दार लांबच्या हाताने उघडा, म्हणजे खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारा दिसतो. जमलं तर एकदा त्यांना मागे बसवून रहदारीतून फिरवून आणा.