७७७ करा, निवांत व्हा

मे महिना, दुपारचे दोन. नागपूरच्या बर्डीच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही, आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसातल्या कूलरची खस कडक वाळलेली, आणि नेमका तेव्हाच कळमन्यातल्या एका मिरचीच्या आडत्याचा फोन येतो, “भाऊ, बिल निघून नाही राहिलं. काहीतरी लिहून येऊन राहिलं. परमिशन का काय ते.”

अशा वेळी पुस्तकी माणूस काय करतो? तो विचारतो, की स्क्रिप्ट (म्हणजे बिल काढणारा छोटा प्रोग्राम) कोणत्या युजरच्या नावाने चालते, फोल्डर कोणाच्या मालकीचा, ग्रुप कोणता. एकूण दहा मिनिटांचं काम. पण या दहा मिनिटांत हे सगळं आपल्याला माहीत नव्हतं असं कबूल करावं लागतं, आणि त्यापेक्षा उन्हात उभं राहिलेलं परवडलं. तुम्ही असले प्रश्न विचारू नका. तुम्ही ७७७ करा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लिनक्समध्ये (ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी एक सिस्टीम) प्रत्येक फाईलला तीन आकडे असतात: पहिला मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा उरलेल्या दुनियेचा. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. बेरीज करा, सात होतात. तिघांनाही सात दिले की भानगड मिटली. तर्रीच्या भांड्यावर झाकण नाही, येणाऱ्याजाणाऱ्याने आपापला चमचा घालावा. कोणी त्यात काय टाकून गेलं हा प्रश्न पोहे खाऊन झाल्यावरचा.

पायथनही, म्हणजे आमची स्क्रिप्ट जिच्यात लिहिली ती भाषा, मोठा इरसाल. ‘परमिशन एरर’ म्हणतो आणि पुढे चौकटी कंसात १३ हा आकडा दाखवतो. दुष्काळातला तेरावा तो हाच. पण त्यालाही औषध आहे. अख्ख्या प्रोग्रामला ‘ट्राय’मध्ये घाला, खाली ‘एक्सेप्ट’ लिहा आणि त्याच्या पोटात ‘पास’. एरर येईल, जाईल, कोणाला पत्ता लागणार नाही. बिलही येणार नाही, पण त्याचा बोभाटा महिनाअखेरीस, हिशेबाच्या दिवशी होईल. तोवर तुम्ही पुण्याला नोकरी धरलेली असेल.

उगाच सभ्यपणा दाखवायचा असेल तर फाईल उघडण्याआधी ‘ओएस डॉट ॲक्सेस’ने विचारून घ्या, की बाई, उघडू का? ती हो म्हणेल. मग तुम्ही उघडायला जाल, तेवढ्या वेळात दुसरं कोणी तिथे भलतंच काही ठेवून गेलेलं असेल. ठेल्यावर ओरडून विचारावं, “पोहे आहेत का?” तो म्हणतो, “हाव ना, या!” आणि गाडी स्टँडला लावेपर्यंत परात धुवायला गेलेली. पायथन बनवणाऱ्यांनी दस्तऐवजात स्वच्छ लिहिलंय, की विचारत बसू नका, सरळ उघडा आणि नाही उघडली तर एरर सांभाळा. पण दस्तऐवज वाचणं हे आपल्या तत्त्वात बसत नाही.

आता आडत्याकडे येऊ. त्याच्या दुकानातल्या मशीनवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार. शेठचं एक खातं, दिवाणजीचं दुसरं. आम्ही धरमपेठेतल्या ऑफिसातून एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये जायच्या दारातून, आत शिरायचो. बिलांचा फोल्डर रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम करणारा गडी) बनायचा, आणि तो क्रॉन आम्ही लावला होता रूटच्या, म्हणजे लिनक्सच्या सर्वाधिकारी खात्याच्या, नावाने. का? तर रूटने काहीही अडत नाही. त्या रात्रीचा फोल्डर रूटच्या मालकीचा झाला, सकाळी शेठच्या खात्यातून स्क्रिप्ट बिल लिहायला गेली आणि दारात उभी राहिली. दोष इतकाच. क्रॉन शेठच्या नावाने लावला असता तर हा लेख लिहावा लागला नसता, म्हणजे बघा, साहित्याचं केवढं नुकसान झालं असतं.

आमच्यातल्या एका शहाण्याने सुचवलं, “मालकी बदलून देऊ ना.” ती कमांड म्हणजे ‘चाऊन’. पायथनमध्येही ‘ओएस डॉट चाऊन’ आहेच. त्याने शेठच्या खात्यातून चालवून पाहिली, नाही चालली. तो वऱ्हाडातला, त्यामुळे संपूर्ण दुपारभर ऑफिसात एकच काव्य घुमत होतं, “हे चाऊन काऊन नाही चालून राहिलं बे?”

काऊन म्हणजे, मालकी बदलायचा हक्क लिनक्समध्ये फक्त रूटला. स्वतःची फाईलसुद्धा तुम्हाला दुसऱ्याच्या गळ्यात मारता येत नाही. मारता आली असती तर लोकांनी आपापल्या डिस्कचा कोटा शेजाऱ्याच्या नावावर भरला असता. फार तर फाईलचा ग्रुप बदलता येतो, तोही तुम्ही ज्या ग्रुपात आहात त्यातलाच. लेआउटमधला प्लॉट विकताना जी काळजी कोणी घेत नाही, ती या लोकांनी तीन ओळींच्या टेक्स्ट फाईलची घेतली आहे.

मालकीचा आणखी एक मजेशीर भाग आहे, आणि तो जरूर दुर्लक्षित करा. फाईलवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, आकडा असतो. आखीव पत्रिकेवर नावाऐवजी नुसता खातेक्रमांक लिहावा, आणि खातं कोणाचं ते भलत्याच रजिस्टरात शोधावं, तसं. आमच्या ऑफिसातला एक पोरगा हिंजवडीला गेला. आम्ही त्याचं खातं उडवलं, फाईली तशाच ठेवल्या. यादीत त्याच्या नावाच्या जागी १००४ दिसायला लागलं. पुढच्या सोमवारी एक ट्रेनी आली, तिचं खातं उघडलं, तिला मिळाला तोच मोकळा झालेला १००४. पहिल्याच दिवशी चहा यायच्या आत ती दोन वर्षांच्या कोडची कायदेशीर मालकीण झाली. फेरफार नाही, हरकतीची नोटीस नाही. एवढ्या वेगात नागपुरात कोणाच्याच नावावर काही झालेलं मी पाहिलेलं नाही.

तर आम्ही चाऊनचा नाद सोडला आणि चमोडकडे, म्हणजे ते तीन आकडे बदलणाऱ्या कमांडकडे, वळलो. आणि करायचंच तर हात का आखडता घ्यावा? एका फोल्डरला ७७७ दिलं की उद्या दुसरा रडतो. म्हणून आमच्यातल्या सर्वांत अनुभवी माणसाने (तो अनुभवी माणूस सध्या हा लेख लिहितो आहे) सुडो (घडीभर रूटचा अधिकार देणारी कमांड) लावून, मुळाशी जाऊन, स्लॅशवरच आर लावून ७७७ मारलं. म्हणजे अख्खी सिस्टीम, कानाकोपऱ्यासकट, सगळ्यांना मोकळी.

चार-पाच मिनिटं ऑफिसात शांतता होती. मग सुडो म्हणाला, मी चालणार नाही.

त्याचंही बरोबर होतं. सुडोच्या फाईलवर सेटयूआयडी नावाचा एक बिट, म्हणजे खूण, असतो. त्याच्यामुळे साध्या माणसाने चालवलेला प्रोग्राम फाईलच्या मालकाच्या, इथे रूटच्या, अधिकाराने चालतो. ही कल्पना लिनक्सचा पूर्वज युनिक्स, त्याच्या जनकांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांची. १९७९ मध्ये त्यांना तिचं अमेरिकेत पेटंटही मिळालं. नुसतं ७७७ लिहिलं की फाईलवरचा तो बिट पुसला जातो. ज्या फांदीवर बसलो होतो ती आम्ही करवतीने कापली नाही, सुडोने सुडोच कापला.

मग एसएसएच. ती जरा जुन्या वळणाची बाई. चावी ठेवलेला फोल्डर गावाला लिहायला मोकळा दिसला, की ती म्हणते, असल्या घरात मी पाय ठेवणार नाही, आणि चावीच मानत नाही. म्हणजे हिशेब बघा: सगळी दारं सताड उघडली आणि नेमके आपणच बाहेर. तुम्हालाही हा अनुभव एकदा तरी मिळावा अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी मे महिनाच निवडा. कारण आता पेनड्राइव्ह खिशात घालून, डोक्याला दुपट्टा बांधून, धरमपेठेतून कळमन्याला गाडीवर जायचं असतं आणि मिरचीच्या पोत्यांमध्ये बसून सिस्टीम नव्याने टाकायची असते. शिंका आणि इन्स्टॉलेशन सोबत चालतात. शेठ मधूनमधून रसना पाठवतात आणि “होऊन राहिलं ना?” म्हणून विचारतात. “हाव शेठ, होऊनच राहिलं,” असं म्हणायचं. पडद्यावर १७ टक्के.

दोन किरकोळ सल्ले मध्येच देऊन टाकतो, मग विसरतो. महत्त्वाच्या फाईलला ४४४ द्या, म्हणजे कोणालाच लिहिता येणार नाही, आणि ती ७७७ च्या फोल्डरात ठेवा. फाईल उडवायला फाईलवरचा नव्हे, फोल्डरवरचा लिहायचा हक्क लागतो. म्हणजे तिजोरीला कुलूप भक्कम आणि तिजोरी रिक्षात घालून न्यायला सगळे मोकळे. टेम्प या तात्पुरत्या फाईलींच्या फोल्डरच्या ७७७ च्या आधी जो १ लावलेला असतो, तो हीच चोरी अडवायला, पण तो आपल्याकडे कोण बघतो. दुसरं, प्रोग्रामची चाचणी विंडोजच्या लॅपटॉपवर घ्या. तिथे पायथनचा चमोड फक्त ‘रीड ओन्ली’चा एक खटका वर-खाली करतो आणि बाकी आकड्यांकडे ढुंकून बघत नाही. सगळ्या चाचण्या पास. पार्टी द्या.

सिस्टीम नवी झाली आणि आम्हाला पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप झालेला प्रोग्रामर हा निष्काळजी प्रोग्रामरपेक्षा फार पुढचा प्राणी. तो आता नियमाने वागायचं ठरवतो. आम्ही ठरवलं: ७७७ बंद. क्रॉन शेठच्याच नावाने. बिल शेठने लिहावं-वाचावं, बाकीच्यांनी फक्त वाचावं. म्हणजे ६४४. सभ्य, घरंदाज आकडा. खरं तर काही न करताही नवी फाईल ६४४ चीच झाली असती, कारण पायथनचा ‘ओपन’ ६६६ मागतो आणि यूमास्क (नव्या फाईलचे नको ते हक्क कापणारी सेटिंग) ०२२ असेल तर गुपचूप तेवढे काढून घेतो. पण न मागता मिळालेल्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून प्रत्येक बिल तयार झालं की त्यावर स्वतः चमोड मारायचा, असं आम्ही स्क्रिप्टमध्ये लिहिलं.

जुन्या पायथनमध्ये हा आकडा शून्य लावून लिहायचे, ०६४४. शून्य म्हणजे हा आकडा आठाच्या पाढ्यातला आहे, दहाच्या नव्हे (म्हणजे घरं एकं-दहं-शतं नव्हेत, एक-आठ-चौसष्ट-पाचशेबारा), अशी खूण. पायथन ३ ने ती पद्धत मोडीत काढली. आता शून्यानंतर ‘ओ’ अक्षर लावायचं, नुसतं शून्य लावलं की सिंटॅक्स एरर. आम्ही जुना कोड चिकटवला, सिंटॅक्स एरर आला. शून्य नको म्हणतोय ना? काढलं शून्य. उरलं साधं ६४४. एरर गेला. कूलरचा पंपही त्याच दिवशी दुरुस्त झाला होता, सगळं कसं जुळून आलं.

आता वही घ्या आणि हा हिशेब स्वतः करा. दहाच्या पाढ्यातला ६४४ आठाच्या पाढ्यात किती होतो? ५१२ एकदा, उरले १३२. त्यात ६४ दोनदा, उरले ४. आठ एकदाही नाही. म्हणजे १२०४. पहिला १ हा स्टिकी बिट, टेम्प फोल्डरला असतो तोच, साध्या फाईलवर लिनक्स त्याच्याकडे लक्ष देत नाही, सोडून द्या. मग मालकाला २: लिहिता येईल, वाचता येणार नाही. ग्रुपला शून्य. आणि उरलेल्या दुनियेला ४: खुशाल वाचा.

तुम्ही म्हणाल, दुनियेला वाचता येतं तर मालकही दुनियेतच येतो की. नाही. लिनक्स एकदाच विचारतो, मालक आहेस का? हो म्हटलं की मालकाच्या आकड्यावर बोळवण, पुढचे आकडे तुझ्यासाठी नाहीतच. लग्नघरातल्या यजमानासारखं आहे. पंगतीला गाव जेवून जातं, यजमान मात्र वाढत फिरतो, आणि त्याला बस म्हणणारं कोणी नसतं.

आमच्या ऑफिसात हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमच्या मशीनवर आम्ही सगळं रूट होऊन चालवतो आणि रूटला वाचायला कोणाचा ४ लागत नाही. “आपल्याकडे तर चालून राहिलं ना भाऊ,” म्हणून आम्ही ते कळमन्याला पाठवलं, वर बिलही पाठवलं, आमचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला फोन. कूलर चालू होता, म्हणून शेठचा आवाज नीट ऐकायला मी गॅलरीत गेलो.

“भाऊ, बिलं निघून राहिली, बेस झालं. दिवाणजीले दिसून राहिली. त्याचा पोट्टा उगाच कॉम्प्युटरपाशी बसते, पाहुणा म्हणून खातं काढून देल्लं त्याले, त्याले बी दिसून राहिली. तो मोठ्यानं वाचून दाखवते, कोणाले किती क्विंटल, काय भावानं.” शेठ थांबले. मागे हमाल पोती टाकत होते. “फक्त मलेच नाही दिसून राहिली. दुकान कोनाचं आहे बे हे?”