पाचशेच्या स्टॅम्पवर काडीमोड होत नाही, मामा

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली माझी मावसबहीण परत चोपड्याला सासरी गेली नाही. त्यावर नात्यात ज्याला जे बोलायचं ते बोलून झालंय. आता सासरकडून एक टाईप केलेला स्टॅम्प पेपर आलाय आणि त्याच्या पाठोपाठ मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकलाय: '१ जुलैपासून नवे कायदे लागू, नवरा-बायकोच्या वादात आता हे ८ नियम'. खाली तिरंगा, हात जोडलेले आणि 'कोर्टाच्या चकरा वाचवा, पुढे पाठवा'. हाच मेसेज मला आधी तीन ठिकाणांहून आला होता, तेव्हा सोडून दिला. पण आता त्याच्या जोरावर एका मुलीची सही मागताहेत, म्हणून लिहितोय.

आठ नियम असे: ४९८-अ, म्हणजे सासरच्या छळाविरुद्धचं कलम, रद्द झालं. पाचशेच्या स्टॅम्पवर दोघांच्या सह्या आणि नोटरी केली की घटस्फोट. दोन वर्षं वेगळे राहिलात तर घटस्फोट आपोआप. संमतीचा घटस्फोट सात दिवसांत. बायकोने तक्रार केली की त्याच दिवशी सगळं घर आत, म्हणून पंधरा दिवस घर सोडा आणि मोबाईल बंद ठेवा. कमावत्या बायकोला पोटगी नाही. मूल पाच वर्षांचं झालं की बापाचं. आणि एफआयआर आता कुठल्याही पोलीस ठाण्यात.

पहिला आणि पाचवा नियम लिहिणाऱ्याने एकत्र वाचलेले दिसत नाहीत. ४९८-अ रद्द झालं असेल तर सगळं घर आत कशाखाली जातं?

१ जुलै कोणत्या वर्षाचा तेही लिहिलेलं नाही, म्हणजे दरवर्षी फिरवायची सोय. तो २०२४ चा. त्या दिवशी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे लागू झाले. पहिले दोन फौजदारी बाजूचे, तिसरा पुराव्याचा. घटस्फोट कसा मिळतो, मूल कोणाकडे राहतं, हे त्यांत नाहीच. ते १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आणि १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात आहे, आणि १ जुलैने त्याला हात लावलेला नाही. (मुस्लिम, ख्रिश्चन कुटुंबांचे कायदे आणखी वेगळे. मेसेजमध्ये सगळ्यांना एकच नियम.) अर्धा मेसेज इथेच संपतो. ४९८-अ चं म्हणाल तर ते न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ होऊन बसलंय. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

आता स्टॅम्प. मी वकील नाही, पतसंस्थेत कारकून आहे. स्टॅम्प आणि नोटरीचे शिक्के रोज डोळ्यांखालून जातात. मेसेजमध्ये हा आकडा पूर्वी शंभरचा असायचा. राज्याने २०२४ च्या ऑक्टोबरात मुद्रांक शुल्क वाढवलं तसा घटस्फोटही पाचशेचा झाला. नोटरीचा शिक्का इतकंच सांगतो की ही माणसं माझ्यासमोर आली आणि त्यांनी सही केली. आत लिहिलंय ते कायद्यात बसतं का, याची हमी तो घेत नाही. मी शेजाऱ्याची केळीची बाग तुम्हाला पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून दिली आणि वर नोटरी केली, तर बाग तुमची होईल का? केंद्राच्या विधी खात्याला तर २०२४ मध्ये नोटरींना बजावावं लागलं की लग्नाचे आणि घटस्फोटाचे कागद करून देणं हे तुमचं काम नाही. तरी कोर्टासमोरच्या टपऱ्यांत मजकूर तयार मिळतो, फक्त नावं बदलायची.

हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकूमनाम्याने. कलम १३ खाली कारण सिद्ध करून, नाहीतर १३-ब खाली दोघांच्या संमतीने.

एक फट आहे, ती लपवत नाही. त्याच कायद्याच्या कलम २९(२) मध्ये रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवलाय. मामांनी 'आपल्यात पंचांसमोर फारकत होतच होती' म्हटलं ते यावरच. पण 'आपल्यात चालतं' एवढ्याने भागत नाही. ती रूढी आपल्या समाजात जुनी, निश्चित आणि अखंड चालत आलेली आहे, हे जो सांगतो त्यानेच कोर्टात मांडायचं आणि सिद्ध करायचं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या प्रकरणात हेच सांगितलं: तिथे फारकतीचा कागद होता, पण रूढी मांडलेली आणि सिद्ध केलेली नव्हती. आमच्यापैकी कोणाकडे असा पुरावा आहे? दोन म्हाताऱ्यांची आठवण आहे.

सातपुड्याकडची गोष्ट मात्र निराळी. कलम २(२) प्रमाणे हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना, केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय, लागूच होत नाही. धडगाव-अक्कलकुव्यातल्या भिल्ल किंवा पावरा कुटुंबाचं लग्न आणि काडीमोड त्यांच्या रूढीने चालतं. तिथे पंचांच्या बैठकीला कायद्यात जागा आहे. पण तिथलं उदाहरण घेऊन चोपड्याच्या बाजारपेठेतल्या घराने स्टॅम्प लिहायचा, हे कुठलं शहाणपण? आणि सही केली नाही तर वाळीत टाकू असं कोणी म्हणालं, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पंचांनीही वाचून ठेवावा.

हे सांगितल्यावर मामांचं उत्तर आलं, 'दोन्हीसले मान्य शे, फारकत व्हई गयी, आते काय राह्यनं?'

बरंच काही राहतं. कोर्टाने लग्न मोडलेलं नसताना यातल्या कोणी दुसरं लग्न केलं, तर ते हिंदू विवाह कायद्याच्या कलम ११ खाली शून्य, म्हणजे कायद्याने झालंच नाही. न्याय संहितेचं कलम ८२ लागतं, सात वर्षांपर्यंत कैद. पहिलं लग्न दुसऱ्या जोडीदारापासून लपवलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. नवऱ्याला सरकारी नोकरी असेल तर खात्याची चौकशी वेगळी. त्या दुसऱ्या लग्नाची मुलं कलम १६ मुळे औरस धरली जातात, पण त्यांची आई कायद्याने बायको ठरत नाही. माणूस गेल्यावर पेन्शनसाठी दोन बायका एकाच टेबलासमोर उभ्या राहतात, ते याच कागदांमुळे. इतकंच काय, कोर्टाचा हुकूमनामा मिळाला तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या लग्नाची घाई करता येत नाही.

आणि खरी गोम तर कागदाच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे. 'आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त राहत असून लिहून देणार हिने पोटगीचा हक्क सोडला आहे.' हे वाक्य सहज आलेलं नाही. पोटगीचं जुनं कलम १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय. त्यात लिहिलंय की नवरा-बायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी मागता येत नाही. म्हणजे या स्टॅम्पने घटस्फोट होत नाही, पण उद्या ती पोटगीला उभी राहिली की समोरचा वकील तोच स्टॅम्प काढून दाखवणार. लग्न तसंच, पोटगी अडकलेली. पोटगीचा हक्क अशा करारातून सोडता येत नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलंय. पण ते सांगून घ्यायला तिला आधी वर्षभर तारखा कराव्या लागतील. एका सहीने ही भानगड ओढवून घ्यायची कशाला? ताई, सही करू नकोस. तुला वेगळंच व्हायचं असेल तर १३-ब आहे, त्यात पोटगी आणि मुलाचं सगळं कोर्टासमोर लिहून घे.

बाकीचे नियम भराभर.

दोन वर्षं वेगळं राहिलं की घटस्फोट आपोआप होत नाही. दोन वर्षांचा परित्याग हे कोर्टात जायचं एक कारण आहे, तेही सोडून जाणाऱ्याविरुद्ध. मारहाणीला कंटाळून घर सोडलं तर सोडून कोण गेलं, हे कोर्ट बघतं.

सात दिवसांचा संमतीचा घटस्फोट कुठून आला कळत नाही. आधी वर्षभर वेगळं राहणं, मग अर्ज, मग सहा महिने. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून, पण समेटाची आशा संपली असेल आणि पोटगी-ताबा मिटलेला असेल तर. तिथूनच कोणीतरी सात दिवस काढले असावेत.

पाच वर्षांनी मूल बापाचं होत नाही. १९५६ च्या कायद्यात इतकंच आहे की पाचच्या आतलं मूल शक्यतो आईकडे. पुढे मुलाचं हित पाहिलं जातं. मूल काही कालवड नाही की पाचवं लागलं की दावण बदलली.

कमावत्या बायकोबद्दल अर्धं खरं आहे. तिची कमाई धरली जाते आणि रक्कम कमी होऊ शकते. पण कमावते म्हणून हक्कच गेला, असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर द्यायला लावलीत, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायला सांगितलीय. आपल्याकडे नोकरी नसलेल्या मुलाचं उत्पन्न कोर्टात शून्य असतं आणि लग्न ठरवताना वीस एकर बागायत असते. शपथपत्र त्यासाठीच आहे.

आता पाचव्या नियमातला तो पळून जायचा सल्ला. मेसेजमधला सगळ्यात येडपट भाग हाच, आणि पाव्हण्यांच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या, घरीही तो पोचलाय म्हणून त्यांच्यासाठीच लिहितो. तक्रार झाली की सगळं घर आत, ही भीती हवेतली नाही. सुरतला राहणारी नणंद, अंथरुणावरची आजेसासू, सगळ्यांची नावं तक्रारीत घालायची सवय आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच अशा मोघम आरोपांवर कान टोचलेत. एवढं मान्य. पण अटकेचं उत्तर २ जुलै २०१४ लाच मिळालंय: अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य. ते प्रकरण ४९८-अ चंच होतं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात तक्रार आली म्हणून यांत्रिकपणे अटक करायची नाही. अटक का गरजेची, याची कारणं पोलिसांनी लिहायची. गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. मॅजिस्ट्रेटनेही कारणं न पाहता कोठडी द्यायची नाही. न पाळणाऱ्या पोलिसावर खात्याची कारवाई आणि न्यायालयाचा अवमान. ही नोटीस आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली येते.

आणि त्याच कलमात पुढे काय आहे? नोटीस पाळून हजर राहिलात तर सहसा अटक नाही. पाळली नाही तर पोलीस अटक करू शकतात. म्हणजे मोबाईल बंद ठेवून सुरतला पंधरा दिवस नातेवाइकाकडे लपणारा माणूस स्वतःच्या अटकेचं कारण पोलिसांना लिहून देतोय! भीती असेल तर कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा. नोटीस आली तर तारखेला जा, पोच घ्या, वकील सोबत न्या. अटक झालीच तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. सासूला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली लेखी परवानगी लागते. यात पळायची गरज कुठे पडली?

आठवा नियम खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. झीरो एफआयआर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आली आहे. गुन्हा कुठेही घडो, दखलपात्र असेल तर समोरच्या ठाण्याने नोंदवून घ्यायचा आणि प्रत फुकट द्यायची. त्याहून कामाचं म्हणजे २०१९ चा रूपाली देवी निकाल: छळामुळे बाई माहेरी आली असेल तर ४९८-अ ची केस माहेरच्या गावीही चालू शकते. खान्देशातल्या कितीतरी मुली सुरत-उधन्याला दिलेल्या आहेत. 'केस सुरतलाच करावी लागेल, जमेल का तुला?' म्हणून दमात घेणाऱ्यांना हे ऐकवा.

राहिला मावशीचा प्रश्न, वकिलाला पैसे कुठून आणायचे. विधी सेवा कायदा १९८७, कलम १२. बाईला सरकारकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करायचा, नाहीतर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. आधार, लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो आणि मुलाचा जन्मदाखला सोबत असू द्या. पाव्हण्यांचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर त्यांनाही हीच सोय आहे. तो नंबर त्यांनाही मीच पाठवलाय. अजून निळ्या टिका आल्या नाहीत.