सारांश वाचून झाला असेल तर आता त्या नोकराबद्दल बोलू

दादा, कॉमेंट सविस्तर लिहिलीत त्याबद्दल आधी थँक्यू. शेक्सपिअरचं 'किंग लिअर' कॉलेजात अजूनही शिकवावं असं मी मागच्या लेखात म्हटलं तर खाली नुसते अंगठे आले, भांडायला तुम्ही एकटेच आलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी आता इंग्रजांनाही धड कळत नाही ते आपल्या पोरांच्या माथी कशाला मारायचं, गोष्टच हवी असेल तर एआय दोन मिनिटांत सारांश काढून देतं. वर हे सगळं इथे इंग्रजी शिक्षण आणणाऱ्या मेकॉलेचं ओझं. आणि आपल्याकडे 'नटसम्राट' असताना लिअर हवाच कशाला. शेवटी तो टोमणा, की असलं शिकून पोट भरत नाही.

पोटाचं आधी उरकतो. नाही भरत. बीए इंग्लिश केलं की नोकरी लागते असं मी कधीच लिहिलेलं नाही, आणि साहित्य वाचून माणूस चांगला होतो असंही नाही, लिअरच्या दरबारात सगळ्यात देखणी भाषा त्याला पुढे दगा देणाऱ्या दोघी थोरल्या मुलीच बोलतात, ते आठवा म्हणजे झालं.

आता सारांश. तुम्ही म्हणता म्हणून मी खरंच एक काढून बघितला. वाईट नव्हता. म्हातारा राजा, तीन मुली, राज्याची वाटणी, वादळ, वेड, शेवटी धाकट्या मुलीचं, कॉर्डेलियाचं प्रेत. मधे एक वाक्य होतं की ग्लॉस्टर नावाच्या सरदाराचे डोळे काढले जातात. बास, एवढंच.

तो तिसऱ्या अंकातला सातवा प्रवेश आहे. ग्लॉस्टरने लिअरला गुपचूप डोव्हरला पोचवलं म्हणून त्याला त्याच्याच घरात, त्याच्याच खुर्चीला बांधलंय. लिअरची मधली मुलगी रीगन त्याची दाढी उपटते, तिचा नवरा कॉर्नवॉल एक डोळा काढतो, रीगन म्हणते दुसराही काढा, नाहीतर एक बाजू दुसरीला हसेल. आणि इथे कॉर्नवॉलचाच एक नोकर मधे पडतो. त्याला नाव नाही, छापील प्रतीत नुसतं 'नोकर'. तो म्हणतो, मालक, हात आवरा, लहान होतो तेव्हापासून तुमची चाकरी केली, पण आत्ता थांबा म्हणतोय यापेक्षा चांगली चाकरी कधी केली नाही. रीगन त्याला कुत्रा म्हणते. तो मालकावर तलवार उपसतो, कॉर्नवॉलला जखमी करतो, आणि रीगन मागून येऊन त्याला भोसकते. मरताना तो ग्लॉस्टरला धीर द्यायला म्हणतो की सरकार, तुमचा एक डोळा अजून शाबूत आहे, याला काय भोगावं लागतं ते बघाल. हे ऐकून कॉर्नवॉल दुसराही डोळा काढतो. म्हणजे बिचाऱ्याच्या सांत्वनानेच घात झाला, आणि शेक्सपिअर यावर एक अक्षर बोलत नाही, तुम्हीच ते पकडायचं. नोकराचं प्रेत उकिरड्यावर टाका असा हुकूम होतो आणि तो नाटकातून गेला, सगळ्या मिळून बोटांवर मोजाव्यात एवढ्या ओळी बोलून.

पण पुढे बघा. त्या जखमेने कॉर्नवॉल मरतो. म्हणून रीगन विधवा होते, म्हणून तिला ग्लॉस्टरच्या अनौरस मुलाशी, एडमंडशी लग्न करायचा रस्ता मोकळा होतो, तोच एडमंड थोरल्या बहिणीला, गॉनरिललाही हवा असतो, म्हणून गॉनरिल सख्ख्या बहिणीला विष घालते आणि मग स्वतःला संपवते. दोन्ही राजकन्यांचा शेवट एका बिननावाच्या चाकराच्या तलवारीपासून सुरू होतो. सारांशात तो बसतच नाही, कारण सारांश करताना मोठी माणसं ठेवून लहान माणसं गाळायची असतात. आणि खरं सांगू, आपले गाईडवालेही तेच करतात, 'लिअर ॲज अ ट्रॅजिक हिरो'चं उत्तर पाठ असतं पोरांना पण नोकर विचारला की वर्ग एकमेकांकडे बघतो. तेव्हा तुमचा राग शिकवण्याच्या पद्धतीवर असेल तर मी तुमच्याच बाजूचा आहे, फक्त त्याची शिक्षा नाटकाला नको.

अजून एक गंमत. 1608 साली हे नाटक पहिल्यांदा छापलं गेलं, त्या प्रतीत या प्रवेशाच्या शेवटी आणखी दोन नोकर मागे राहतात. मालक-मालकिणीसारखी माणसं सुखाने म्हातारी होणार असतील तर जगात काही खरं नाही, असं दबक्या आवाजात बोलतात, आणि एकजण म्हणतो मी जवसाच्या धाग्याचा बोळा आणि अंड्याचा पांढरा बलक आणतो, म्हाताऱ्याच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याला लावायला. 1623 च्या शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या संग्रहात, ज्याला फर्स्ट फोलिओ म्हणतात, हे दोघं गायब. दोन प्रतींमधे असा बराच फरक आहे, जुन्या प्रतीतल्या सुमारे 300 ओळी नव्यात नाहीत आणि नव्यातल्या सुमारे 100 जुन्यात नाहीत. शेक्सपिअरने स्वतः कापलं की नाटक कंपनीने, यावर अभ्यासक अजून भांडतायत. 1962 मधे दिग्दर्शक पीटर ब्रुकने नट पॉल स्कोफिल्डला घेऊन लिअर केलं तेव्हा त्यानेही हा अंड्याचा बलक मुद्दाम काढला, प्रेक्षकाला तेवढाही दिलासा द्यायचा नाही म्हणून. मला स्वतःला तो बलक हवा वाटतो. पण ब्रुक चूक होता असं सिद्ध करून दाखवता येत नाही, आणि यासाठीच मूळ संहिता घेऊन बसायचं, की दोन्ही बाजू पुराव्यासकट मांडायच्या आणि तरी कुठेतरी आपलं मत ठेवायचं. ही सवय कोर्टात लागते, संपादनात लागते, व्हॉट्सॲपवर आलेला फॉरवर्ड वाचतानाही लागते.

आणि हा शेवट इंग्रजांना तरी कुठे झेपला? 1681 मधे नेहम टेट नावाच्या कवीने लिअरचा शेवट गोड केला, राजा जगतो, कॉर्डेलियाचं ग्लॉस्टरच्या थोरल्या मुलाशी, एडगरशी लग्न ठरतं, लिअरचा दरबारी विदूषक तर सरळ उडवलाच. दीडशे वर्षं लंडनच्या रंगभूमीवर हेच चाललं. अठराव्या शतकातला कोशकार डॉक्टर जॉन्सनसारखा माणूस लिहून गेलाय की कॉर्डेलियाच्या मरणाने इतका हादरलो की शेवटचे प्रवेश पुन्हा वाचवले नाहीत, शेक्सपिअरच्या नाटकांचं संपादन अंगावर आलं तेव्हाच वाचले. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज वेडा झाला तेव्हा तर लिअर लंडनमधे रंगभूमीवर आणायचीच सोय नव्हती, गादीवरच एक वेडा म्हातारा राजा बसलेला. मॅक्रेडी नावाच्या नटाने 1838 मधे विदूषकाला परत आणलं. तेव्हा 'जुनं इंग्रजी' ही खरी अडचण नाहीये हो, शब्दार्थ तळटीपेत मिळतात. जड जातं ते दुसरंच काहीतरी.

मेकॉलेबद्दल, तुमचं अर्धं बरोबर आहे. 1835 नंतर इथे इंग्रजी शिकवलं ते काही आपल्या भल्यासाठी नव्हतं, आणि ऑक्सफर्डने इंग्रजीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम 1894 मधे सुरू केला, तोवर आपल्याकडची पोरं शेक्सपिअर घोकत होती. पण ज्या आगरकरांनी टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले त्यांनीच 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, 1883 मधे. त्यांना कुणी ओझं वाहायला लावलं होतं का? त्यांना ते नाटक हवं होतं. साहेब वेगळा आणि साहेबाच्या कपाटातलं पुस्तक वेगळं, हे त्यांना कळत होतं.

राहिलं 'नटसम्राट', आणि हे नाव घेऊन तुम्ही माझंच काम सोपं केलंत! तात्यासाहेब शिरवाडकरांचा अप्पा बेलवलकर आयुष्यभर शेक्सपिअर जगलेला नट आहे, 'जगावं की मरावं' म्हणतो तेव्हा त्याच्या मागे हॅम्लेट उभा असतो, तो ओळखीचा असला तर ते स्वगत दुप्पट लागतं. शिवाय शिरवाडकरांनी लिअर जसाच्या तसा उचललेला नाही. राज्य गेलं, आली निवृत्त नटाची मालमत्ता. ग्लॉस्टरचं अख्खं उपकथानक काढलं. आपल्याकडे दुःख घराच्या चार भिंतीत आलं, लिअरमधे ते सत्तेचं आणि चाकरीचंही आहे. काय गाळलं हे कळायला आधी काय होतं ते माहीत नको का? मला 'नटसम्राट' कमी वाटत नाही, पण एकाच्या बदल्यात दुसरं मागू नका.

इंग्रजीचा कंटाळा असेल तर विंदांचा 'राजा लिअर' घ्या, 1974 चा आहे, लायब्ररीत मिळायला हरकत नाही. सगळं नको, तिसऱ्या अंकाचा सातवा प्रवेशच वाचा आणि इथेच लिहा, तुम्ही दिग्दर्शक असाल तर ते अंड्याचा बलक आणणारे दोघं ठेवाल की कापाल, आणि का. 'कापीन' म्हणालात तर पुन्हा भांडू.