बाह्यता म्हणजे निव्वळ नुकसान नव्हे

पुण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशात अर्थशास्त्रातील ‘बाह्यता’ या संज्ञेचा अर्थ असा दिला आहे: एकाच्या व्यवहारामुळे दुसऱ्याचे होणारे नुकसान म्हणजे बाह्यता, आणि ती शून्यावर आणणे हे सरकारचे काम. शहराचे प्रश्न आता याच शब्दात मांडले जाऊ लागल्यामुळे ही व्याख्या दुरुस्त होणे मला निकडीचे वाटते.

कोथरूडमध्ये मिसळीच्या एका दुकानासमोर दुसरे निघाले आणि पहिल्याचे गिऱ्हाईक तुटले, हे संदेशातले उदाहरण. अर्थशास्त्राच्या अर्थाने ही बाह्यता नव्हे. पहिल्या मालकाचे उत्पन्न घटले ते किंमत आणि गिऱ्हाइकाची आवड यांतून, म्हणजे बाजाराच्या हिशेबातूनच. त्याने जे गमावले ते नव्या दुकानदाराच्या आणि खाणाऱ्यांच्या पदरात पडले. त्याच दुकानाच्या भट्टीचा धूर वरच्या मजल्यावरील घरात शिरत असेल तर गोष्ट वेगळी, कारण तो मिसळीच्या किमतीत कुठेच धरलेला नसतो आणि तो सोसणाऱ्याला कोणी विचारलेलेही नसते. ‘बाह्य’ हा शब्द इथे बाह्यवळण रस्त्यासारखा जागा दाखवत नाही. परिणाम देवघेवीच्या हिशेबाबाहेर राहिला, असे तो सांगतो.

हिशेबाबाहेर फायदाही राहू शकतो. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९५२ मध्ये सफरचंदाची बाग आणि मधमाश्या यांचे उदाहरण घेतले होते: बागेतला मकरंद मधपाळाला फुकट मिळतो. आपल्याकडे डाळिंबाचे बागायतदार परागीभवनासाठी मधपेट्या भाड्याने आणतात. भाडे ठरले की तेवढा लाभ हिशेबात येतो आणि तेवढ्यापुरती बाह्यता संपते. त्याच माश्या बांध ओलांडून शेजाऱ्याच्या झाडांवर गेल्या, तर तो लाभ मात्र बाह्यच राहतो.

राहिला शून्याचा आग्रह. अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांच्या १९२० च्या ग्रंथातून पुढे आलेल्या विचारानुसार नुकसान करणाऱ्यावरचा कर त्या नुकसानाइतका असावा, म्हणजे ज्या कामाचा लाभ त्याहून मोठा आहे ते चालूच राहते. धूर शून्य करायचा तर डिझेलवर धावणारी प्रत्येक बस आजच थांबवावी लागेल. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये दाखवले की हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटीला खर्च नसेल, तर संबंधित लोक आपसांतही तोडगा काढू शकतात. हा खर्च प्रत्यक्षात मोठा असतो, हे त्यांनीच बजावले होते. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीच्या जलाशयात जाते. ते सोडणारी लाखो घरे आणि ते पाणी वापरणारी गावे एका बैठकीत करार करू शकत नाहीत. म्हणून तिथे कर, दंड आणि शुद्धीकरणाचा खर्च यांची चर्चा करावीच लागते, आणि ती नुकसान किती प्रमाणात कमी करायचे, या प्रश्नापासून सुरू होते.