दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी आणि गरम भाकरी

बेळगावातलं तिसरं रेल्वे गेट, उद्यमबाग, खानापूर रोड आणि इकडे काँग्रेस रोडवरून आरपीडी क्रॉसपर्यंतची टिळकवाडी. ह्या पट्ट्यात ऑफिसं भराभर वाढली, जेवायच्या जागा मात्र त्या मानानं वाढल्या नाहीत. कॅफे झाले, मोमो आणि शोरमाच्या गाड्या लागल्या, केकची दुकानं निघाली. पण एक ते दीडच्या सुट्टीत जाऊन, हात धुऊन, भाकरी-भाजी-भात-ताक असं पोटभर जेवून वेळेत जागेवर परतता येईल अशा खानावळी बोटांवर मोजण्याएवढ्याच. माझं स्पष्ट मत आहे, ऑफिसांच्या वस्तीला रस्ता आणि पाणी लागतं तशीच खानावळ लागते, आणि ती तिथं पगार घेणाऱ्यांनी जपली पाहिजे.

आमच्या ऑफिसात हिशेब आणि भरती दोन्ही माझ्याकडे आहे. अथणी, रायबाग, निपाणी, चंदगड, खानापूर कुठूनकुठून पोरं-पोरी येतात, पीजीत राहतात, सकाळी चहा-बिस्किटावर निघतात. दिवसातलं त्यांचं खरं जेवण एकच, दुपारचं. ते धड नसेल तर दोन-तीन महिन्यांत चेहरा उतरतो, मग आजारपणाच्या रजा सुरू होतात, मग राजीनामा येतो. म्हणून नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी सोबत घेऊन जेवायला जाते.

मी त्यांना नेते ती बहुतेक उद्यमबागेतल्या आतल्या गल्लीतल्या ज्वारीच्या भाकरीच्या खानावळीत. पुढे फौंड्री, बाजूला लेथची दुकानं, मध्ये पत्र्याचं छप्पर आणि सात-आठ बाकं. पाटी कानडीत, बोलणं दोन्ही भाषांत. गल्ल्यावर नवरा, चुलीपाशी अक्का आणि तिच्या दोन जावा. आपण आत पाऊल टाकलं की "बसा की ओ, आज मेथी एकदम ताजी आहे" असं आतूनच ऐकू येतं.

तिथली भाकरी होताना एकदा जवळ उभं राहून बघा. गरम पाण्यात मळलेला गोळा परातीत थापताना भाकरी आपोआप गोल फिरत राहते, हात फक्त पुढं-मागं होतो. तव्यावर पडली की वरच्या अंगाला ओला हात फिरतो. ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची, नाहीतर भेगा पडतात. मग तवा बाजूला आणि भाकरी थेट जाळावर. अक्का चिमटा लावत नाही, बोटांनीच फिरवते. टम्म फुगली की ती तशीच ताटात येते आणि वाफ निघून जायच्या आत आपण पहिला तुकडा मोडायचा. पीठ आठवड्याच्या आत दळलेलं असतं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, कितीही मळलं तरी कडा फाटतात, हे त्या बाईला कुणी सांगावं लागत नाही.

ताटात तेलावर परतलेलं भरलं वांगं, म्हणजे आपली एण्णेगाई, मोड आलेल्या मटकीची उसळ, कारळ्याची चटणी, शेंगाचटणी, घट्ट दही. बाजूला कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा. तिखटाला संकेश्वरी मिरची, रंगाला ब्याडगी. भाकरी हवी तेवढी, नंतर मूठभर भात आणि आमटी, शेवटी ताक. बिल शंभराच्या आत. माझ्या शेजारी कधी मोल्डिंगचा कामगार बसतो, हाताला काळी वाळू तशीच असते, समोर सीएनसीचा प्रोग्रॅमर, पलीकडे बँकेतल्या मॅडम. सगळ्यांना तीच भाकरी, तीच वाटी. जेवणावर माणसांची अशी सरमिसळ मला ह्या शहरात दुसरीकडे क्वचित दिसते आणि ह्याच कारणासाठी ही जागा मला सगळ्यांत आवडते.

२०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं वर्ष पाळलं, तेव्हा मोठ्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावरही ज्वारी आली. चांगलंच झालं. पण अथणीकडची ज्वारी बेळगावच्या ताटात रोज वाढायचं काम आधीपासून ह्या खानावळीच करत आल्या, आणि त्याचं श्रेय अक्कासारख्या बायकांना मिळालं पाहिजे.

बेळगावचं हेच तर वैभव आहे. पूर्वेला कोरडा भाग, तिथली ज्वारी. पश्चिमेला खानापूरकडे पाऊसच पाऊस, तिथला भात. शहराला लागून अनगोळ, वडगाव, शहापूरच्या शिवारात बेळगाव बासमती पिकत आली. घाट उतरला की गोव्याची मासळी. हे सगळं दुपारी एक वाजता दोन-तीन किलोमीटरच्या आत मिळतं. पुण्याला, बंगळूरला गेलेली आपली पोरं सुट्टीला आली की आधी जेवणाचंच बोलतात, ते उगीच नाही.

मासे खायचे असतील तर मी टिळकवाडीतल्या गोवेकरी पद्धतीच्या छोट्या हॉटेलात जाते. रवा लावून तळलेला बांगडा, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, आंबट आमटी, उकडा भात, सोलकढी. मासळी चोर्ल्याच्या घाटातून येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रबंदी असते, त्या दिवसांत तिथं ताजी सुरमई मागू नये. मालक स्वतःच सांगतो, "मॅडम, आज सुरमई बर्फातली आहे, नका घेऊ, अंड्याची करी घ्या." गिऱ्हाइकाला असं सांगणाऱ्या माणसाकडे मी श्रावण संपल्यावर हटकून परत जाते.

श्रावणात आणि सोमवारी उडुपी. तिथलं मिल्स म्हणजे पुऱ्या, दोन पल्य म्हणजे भाज्या, सांबार, सार, भात, दही, पापड, आणि नशीब असेल तर पायस. वाढण्याचा वेग असा की वीस मिनिटांत माणूस बाहेर. घाईच्या दिवशी, म्हणजे महिनाअखेरीला आणि जीएसटीच्या तारखांना, मी तिथंच जाते. चवीत नवल नाही, पण रोज तीच चव मिळते, आणि हात धुवायचं बेसिन कायम कोरडं-स्वच्छ. नियाजची बिर्याणी आम्ही पगाराच्या दिवशी खातो, तिच्याबद्दल बेळगावकराला मी काय वेगळं सांगणार? ती रोजची गोष्ट नव्हे, एवढंच. ती खाऊन तीन वाजता बॅलन्सशीट जुळवायला बसून बघा.

आता एका गोष्टीवर मला जरा सविस्तर बोलायचं आहे. बाईमाणसानं एकटं जाऊन जेवणं. आपल्याकडच्या कित्येक खानावळी पुरुषांच्या म्हणूनच चालत आल्या. फलक तसा कुठं नसतो, पण आत गेलं की वीस डोळे वळतात, आणि पोऱ्या विचारतो, "पार्सल का?" एका ठिकाणी तर आम्हा तिघींना खाली रिकामं बाक असताना वरच्या एसीत, फॅमिली म्हणून बसवलं, आणि तेच ताट तिथं चाळीस रुपये जास्त. मी खाली उतरून मालकाशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, बदललं काही नाही. आम्ही तिथं जायचं सोडलं.

उलट अक्काच्या खानावळीत सुरुवातीला आम्ही दोघीच जायचो. अक्कानं चुलीजवळचं बाक आमच्यासाठी धरून ठेवायला सुरुवात केली. मग आजूबाजूच्या ऑफिसातल्या मुली यायला लागल्या. आता दीड वाजता अर्ध्या बाकांवर बायकाच असतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मागच्या पावसाळ्यात त्यांनी मागं स्वच्छतागृह बांधून घेतलं, बायकांसाठी वेगळं, आतून कडी असलेलं. ह्या पट्ट्यात हजारो रुपये भाड्याच्या कॉम्प्लेक्समध्ये बायकांचं स्वच्छतागृह कुलपात असतं आणि पत्र्याच्या खानावळीत ते उघडं नि धुतलेलं असतं. जेवायची जागा निवडताना मी हे चवीच्या आधी बघते, आणि सगळ्या मुलींना तेच सांगते.

बरेच सहकारी म्हणतात, मोबाईलवरून मागवलं की आपोआप टेबलावर येतं, उन्हातान्हात कशाला जायचं. डब्यात बंद झालेली भाकरी दहा मिनिटांत स्वतःच्याच वाफेनं ओली होते, वांग्याचं तेल झाकणाला लागतं, ताक येतच नाही. शिवाय मधल्या कंपनीचं कमिशन खानावळीला परवडत नाही, मग ती एकतर दर वाढवते किंवा वाटी लहान करते. आणि माणूस सकाळी नऊपासून त्याच खुर्चीत बसलेला असतो, तिथंच जेवतो, तिथंच पुन्हा काम करतो. अर्धा तास उठून चालून यावं, चार माणसांत बसावं, ह्याची गरज कामाएवढीच आहे असं मी मानते. घरून डबा आणणाऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, डबा सर्वांत उत्तम. पण पहाटे उठून तो भरणारं घरी कुणी असावं लागतं, आणि ते कुणीतरी बहुतेक घरांत बाईच असते.

स्वस्तात जेवायची सोय सरकारनंही केली आहे. इंदिरा कॅन्टीन २०१७ मध्ये बंगळूरला सुरू झाली, मग इतर शहरांत आली, बेळगावातही आहे, दुपारचं जेवण १० रुपयांत. हमाल, रिक्षावाले, दवाखान्यात आलेल्या रुग्णांचे नातेवाईक यांना तिचा मोठा आधार आहे. गाड्यावर झुणका-भाकर विकणाऱ्या बायकांसाठी २०१४ चा फेरीवाला कायदा आहे. शहराच्या फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांमधून निवडलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका हव्यात, असं त्यात लिहिलेलं आहे. हे त्या गाडीवाल्या मावशींना माहीत असायला हवं, म्हणून मुद्दाम लिहिते.

खानावळवाल्यांना मात्र कुणी वाली नाही. त्यांची अडचण भाड्याच्या कागदात आहे. गाळा मिळतो अकरा महिन्यांच्या करारावर. चूल, चिमणी, मोरी, फरशी ह्यात पैसे घालायचे, गिऱ्हाईक जमवायचं, आणि बाराव्या महिन्यात मालक म्हणतो, भाडं वाढवा नाहीतर मोबाईलच्या दुकानाला देतो. आमच्या रस्त्यावरची एक सुरेख खानावळ अशीच गेली. दाण्याची आमटी आणि तांदळाची भाकरी खानापूरकडच्या पद्धतीची मिळायची. तिथं आता शटर ओढलेलं असतं, वर "भाड्याने देणे आहे" असा फलक. गाळा रिकामा ठेवणं परवडतं आणि जेवण शिजवणाऱ्याला तीन वर्षं देणं परवडत नाही, हा हिशेब मला पटत नाही, आणि हिशेब हे माझं रोजचं काम आहे.

ह्याच टिळकवाडीत १९२४ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते. हजारो माणसं येणार म्हणून आधी विहीर खोदली. काँग्रेस विहीर आजही आहे. माणसं जमणार तर त्यांच्या खाण्या-पिण्याची सोय आधी, एवढं साधं शहाणपण त्या लोकांना होतं. आज पाच मजली कॉम्प्लेक्सचा नकाशा मंजूर होतो, त्यात पार्किंग दाखवावं लागतं, लिफ्ट दाखवावी लागते. दोन-तीनशे माणसं दुपारी काय खाणार हे कुणी विचारत नाही. २०१२ मध्ये कर्नाटक विधिमंडळाचं सुवर्ण विधानसौध इथं झालं, हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत शहर माणसांनी भरतं, आणि तेव्हा अक्काकडे एकच्या ठोक्याला भाकरी संपते. शहर वाढतंय हे मला त्या दिवसांत सगळ्यांत आधी कळतं.

आमच्या कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर मागच्या बाजूचा एक गाळा झेरॉक्सचं दुकान गेल्यापासून रिकामा आहे. बिल्डरचा नियम आहे की इमारतीत स्वयंपाक नको, वास येतो, आगीची भीती असते. भीती रास्त आहे. म्हणून ह्या गाळ्यात खानावळ काढू द्या असा जो अर्ज आम्ही केलाय, त्यात लिहिलंय की गॅसच्या टाक्या बाहेर जाळीत, चिमणी गच्चीपर्यंत, खरकट्या पाण्याला वेगळी टाकी, अग्निशामक दलाचा दाखला आधी. करार तीन वर्षांचा, नोंदणी करून. अक्काची धाकटी जाऊ चालवायला तयार आहे, तिची एकच अट आहे, भाकरी करायला खिडकीची बाजू हवी.

गाळेधारकांची बैठक शनिवारी आहे. अर्जावर सह्या घेतेय. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन ऑफिसांच्या राहिल्या आहेत, त्यांच्याकडे उद्या जेवणाच्या सुट्टीत जाणार आहे.